जमीन तोंड मिटते तेव्हा घराने उघडावे

पाऊस लागला की आपण दारे-खिडक्या लावून घेतो. मुळशीत ते साहजिकच. ताम्हिणीकडून झड सुरू झाली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, अंथरुणेसुद्धा दमट होतात. पण नेमक्या याच दिवसांत जमिनीतला एक वायू घराकडे वळतो. त्याचे नाव रेडॉन.

खडकात नि मातीत युरेनियम अगदी अल्प प्रमाणात सगळीकडेच असते. त्यापासून रेडियम आणि रेडियमपासून हा वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. चार दिवसांच्या आत तो निम्मा होतो. पण बंद खोलीत साठला तर त्याचे किरणोत्सर्गी कण श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसतात. धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचे हे मोठे कारण आहे. घरातले प्रमाण घनमीटरला १०० बेकरेलच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सुचवले.

घाबरायचे कारण नाही. आपला सह्याद्री काळ्या पाषाणाचा, आणि ग्रॅनाइटच्या मानाने या दगडात युरेनियम कमी. पण थोडे असले तरी कोंडून का ठेवायचे?

माती जरा ओली असली की तिच्या कणांतून वायू जास्त सुटतो. पाण्याने छिद्रे भरली की मात्र त्याची वाट बंद. उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानातून तो वर येतो आणि वाऱ्यावर विरतो. पावसाळ्यात खाचरे, अंगण, बांध सगळे चिंब; त्यामानाने कोरडी राहते ती घराखालची माती. मग वायू तिथूनच वाट काढतो. हवेचा दाब उतरला की तो आणखी वर ओढला जातो. आत चूल पेटली की गरम हवा वर जाते आणि तिच्या जागी जोत्याच्या भेगांतून खालची हवा आत येते. कौलारू घरात वारा कुठून ना कुठून शिरायचा. आता स्लॅब आला, सरकत्या काचा आल्या. घर पक्के झाले, पण हवाही कोंडली.

उपाय साधा आहे. पाऊस उघडला की समोरासमोरच्या खिडक्या थोडा वेळ उघडा. जमिनीच्या, कोपऱ्यांच्या भेगा बुजवा. विडी-सिगारेट सोडा, कारण धूर आणि रेडॉन मिळून धोका कितीतरी वाढतो.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही लक्ष घालावे. घरकुलाचे जोते पाहायला जाल तेव्हा मुरूम नीट धुमसला आहे का, खिडक्या समोरासमोर आहेत का, तेही बघा. शाळा-अंगणवाडीत कधी मोजणी झाली, तर ती एकट्या उन्हाळ्यात उरकू नका. पावसाळा आणि थंडीही धरा. नाहीतर कागदावर सगळे ठीक आणि मुले बंद खोलीत, असे व्हायचे.

एक घोळ मात्र करू नका. विहिरीत उतरलेला माणूस गुदमरतो तो रेडॉनने नव्हे. तिथे प्राणवायू कमी पडतो किंवा कार्बन डाय-ऑक्साइड साचतो. एक पडला म्हणून दुसऱ्याने तसेच आत उतरू नये.

जमिनीचा श्वास आपल्याला थांबवता येणार नाही. घराचा श्वास मोकळा ठेवणे आपल्या हाती आहे, आणि त्याला पैसाही लागत नाही.