सदतीस पेशंट जे कधी आलेच नाहीत

माझ्या एमडीच्या थिसिसमध्ये १०० पेशंट आहेत. त्यातले ६३ खरे. उरलेले ३७ मी होस्टेलच्या खोलीत बसून एका रात्रीत एक्सेलमध्ये तयार केले. कुणाला ५२ वर्षांचं केलं, कुणाला ४७. बायका-पुरुषांचं प्रमाण बिघडणार नाही याची काळजी घेतली. साखर, वजन, ड जीवनसत्त्व, सगळ्यांना सगळं दिलं. पहाटे फाइल आकडेमोड करून देणाऱ्या सरांना पाठवली. तीन दिवसांनी त्यांचा मेसेज आला : 'सिग्निफिकंट आलंय. अभिनंदन.'

आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती. आमच्या मजल्यावर त्या आठवड्यात निम्म्या खोल्यांमध्ये दिवे चालू होते आणि सगळीकडे हेच चाललं होतं. रेसिडेंटला ३६ तासांची ड्युटी असते, थिसिसची तारीख टळत नाही आणि थिसिस मंजूर झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. विषय निवडताना माझ्या गाइडनी प्रेमानेच सांगितलं होतं, "अगं, नवीन काही शोधायच्या भानगडीत पडू नकोस. झालेला विषय घे आणि मोकळी हो." मधुमेह आणि ड जीवनसत्त्व हा असाच झालेला विषय होता. आमच्याच लायब्ररीत त्यावरचे थिसिस धूळ खात पडले होते. मी त्यात एकाची भर घातली.

त्याच वर्षी आमच्या वॉर्डात एक मावशी आल्या होत्या. शेतीची लाईट रात्रीची, म्हणून रात्री उसाला पाणी द्यायला गेल्या आणि घोणस चावली. हाताला. सापाच्या विषावरची इंजेक्शनं झाली, किडनी बसली म्हणून डायलिसिस झालं, वाचल्या. आमच्या दृष्टीने केस संपली. दीड महिन्याने त्या ओपीडीत परत आल्या. बोटं वळत नव्हती. म्हणाल्या, "बाई, खुरपं धरता येईना. हे असंच राहणार का आता?"

मी म्हटलं, "होईल हळूहळू." मला खरं माहीत नव्हतं. त्या रात्री मी शोधायला बसले. साप चावल्यावर माणूस कसा वाचवायचा यावर पानंच्या पानं होती. वाचल्यावर त्याच्या हाताचं, कामाचं, मजुरीचं वर्षभराने काय होतं, यावर मावशींना उत्तर देता येईल असं काही माझ्या हाती लागलं नाही. मी लॅपटॉप मिटला आणि ड जीवनसत्त्वाकडे वळले.

या दोन गोष्टी मी मुद्दाम शेजारी ठेवते आहे. वैद्यकीय संशोधनाची व्याप्ती किती अफाट आहे हे आपल्याला सतत ऐकवलं जातं. आकडे खरेच डोळे दिपवणारे आहेत. पबमेड या अमेरिकेच्या सरकारी सूचीत साडेतीन कोटींहून जास्त शोधनिबंधांच्या नोंदी आहेत आणि दर वर्षी त्यात दहा लाखांहून अधिक भर पडते. जनुकांपासून जंगलापर्यंत एकही विषय सुटलेला नाही असं वाटावं इतका हा पसारा. माझं म्हणणं असं, की हा पसारा म्हणजे व्याप्ती नव्हे. हजार दुकानं उघडली आणि सगळ्यांत एकाच मापाचा शर्ट मिळत असला, तर त्याला मोठा बाजार म्हणायचं का? संशोधनाची व्याप्ती कागदांवरून मोजायची नसते. कुणाकुणाचे प्रश्न त्यात आले, यावरून मोजायची असते.

आपल्याकडचं चित्र आणखी विचित्र आहे. २०१६ साली समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांचा दहा वर्षांचा हिशेब मांडला. २००५ ते २०१४ या काळात त्यातल्या ३३२ संस्थांमधून एकही शोधनिबंध आला नव्हता. वर्षाला शंभराहून जास्त निबंध देणाऱ्या संस्था फक्त २५, आणि देशातलं ४० टक्के संशोधन त्या २५ जणींचं.

दहा वर्षं म्हणजे रेसिडेंटच्या कितीतरी तुकड्या. प्रत्येकाने थिसिस लिहिला. प्रत्येक थिसिसमागे खरे-खोटे मिळून पन्नास-शंभर पेशंट. ते सगळं गेलं कुठे? लायब्ररीच्या कपाटात. थिसिस हा परीक्षेचा फॉर्म आहे, तो कुणी वाचावा अशी अपेक्षाच नाही.

यावर आपल्या व्यवस्थेने काढलेला तोडगा म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीला पेपरची अट. अट घातली की पेपर येतात. सोबत पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्सही येतात. माझा थिसिस अशाच एका ठिकाणी छापून आला. पहिलं नाव माझं नव्हतं, पैसे मात्र माझे होते. जगभर हेच चालू आहे. एकट्या २०२३ मध्ये जगात दहा हजारांहून जास्त शोधनिबंध मागे घेतले गेले आणि त्यातले बहुतेक एकाच प्रकाशन समूहाच्या जर्नल्समधले होते. कागदी घोडे नाचवण्यात आपण एकटे नाही, एवढंच समाधान.

मीही माझा पेपर मागे घ्यावा म्हणून मागच्या वर्षी मेल केला. मेल परत आला. ते जर्नलच आता अस्तित्वात नाही. पण पेपर आहे. दोन ठिकाणी त्याचा दाखला दिलेला मी पाहिला. माझे ३७ पेशंट तिथे अजून जिवंत आहेत आणि कदाचित कुणाच्या तरी औषधाबद्दलच्या मताला हातभार लावत आहेत.

आता दुसरी बाजू. १९७०च्या दशकात हिंमतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. कोकणात लाल विंचू चावून माणसं मरत होती, विशेषतः पोरं. पुस्तकात विंचवाबद्दल जुजबी माहिती होती, कारण पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या देशात हा विंचू नव्हता. बावस्करांनी पेशंटच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. उलट्या, दरदरून घाम, थंडगार पडलेले हातपाय, मग वाढलेला रक्तदाब, मग फुप्फुसात पाणी आणि मृत्यू. म्हणजे माणूस विंचवाच्या वेदनेने मरत नव्हता. विषामुळे शरीरात उसळलेल्या रसायनांनी रक्तवाहिन्या आवळल्या जात होत्या आणि हृदय थकत होतं.

ही लक्षणं त्यांनी १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडली. मग प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध वापरून पाहिलं, कारण ते आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं. त्याचे निष्कर्ष १९८६ साली पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये आले. जिथे शंभरातली तीस-चाळीस माणसं दगावत होती, तिथे हे प्रमाण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं खाली आलं. पुढे विंचवाच्या विषावरची लस आल्यावर प्राझोसिनला तिची जोड दिली तर आणखी फायदा होतो का, हेही त्यांनी आणि प्रमोदिनी बावस्करांनी ७० पेशंटवर रीतसर तपासलं. ते २०११ साली 'बीएमजे'मध्ये छापून आलं. ७० पेशंट. माझ्यापेक्षा ३० कमी. पण सगळे खरे.

गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. १९८९ साली हे प्रसिद्ध झालं तोपर्यंत गावातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढंच धोरणाच्या डोक्यात होतं. पुढे त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. हजारी ६२च्या आसपास असलेले नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी २६च्या खाली आले. २०११पासून हेच काम देशभर आशाताई करतात. यातला मूळ प्रश्न कुठल्याही प्रयोगशाळेत सुचला नसता.

आणि साप. २००५ साली भारतात सर्पदंशाने किती माणसं मेली? सरकारी नोंदीपेक्षा सुमारे तीसपट. हे कळलं ते 'मिलियन डेथ स्टडी'मुळे. त्यात घरोघर जाऊन विचारलं : घरात कोण वारलं, कसं वारलं, शेवटचे दिवस कसे होते? आकडा निघाला जवळपास ४६ हजार. नंतरच्या अभ्यासात २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख मृत्यू, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातली बहुतेक माणसं दवाखान्यात मेलीच नव्हती, म्हणून कागदावर मेलीच नव्हती. मोजल्यावर मात्र हलचाल झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं, आणि भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये २०३०पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याची योजना जाहीर केली. एक साधा प्रश्न दारोदार जाऊन विचारला, त्याची ही किंमत.

मला माहीत आहे, लगेच दोन आक्षेप येतील. पहिला, मग काय सगळ्यांनी विंचू आणि सापच शोधायचे? मूलभूत संशोधन नको? हवंच. विष नेमकं कुठे काम करतं हे कुणीतरी आधी शोधून ठेवलं नसतं तर प्राझोसिन सुचलं नसतं. माझं भांडण पेशींशी, जनुकांशी नाही. उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न पुन्हा विचारून त्याला संशोधन म्हणण्याशी आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : बावस्कर, बंग ही अपवादात्मक माणसं, सामान्य रेसिडेंटने पाट्या टाकल्या तर त्याचा काय दोष? दोष आहे, आणि मी माझा कबूल केला आहे. पण ज्या व्यवस्थेत खरं काम करायला संतच व्हावं लागतं, ती व्यवस्था चुकीची आहे.

सामान्य माणसांकडून चांगलं संशोधन करून घेता येतं. कोविडच्या पहिल्याच लाटेत ब्रिटनने पावणेदोनशे रुग्णालयांना मिळून मोजके साधे प्रश्न दिले आणि नेहमीच्या वॉर्डातल्या नेहमीच्या डॉक्टरांनी फॉर्म भरले. जून २०२० मध्ये उत्तर आलं : डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधले मृत्यू एक तृतीयांशाने घटतात. त्यातल्या कुणा एका डॉक्टरचे पेशंट मोजले असते तर काहीच सिद्ध झालं नसतं.

मग आपल्याकडे राज्यातल्या सगळ्या मेडिसिनच्या रेसिडेंटना मिळून एक प्रश्न का देता येत नाही? 'सर्पदंशातून वाचलेल्या माणसाचं वर्षभराने काय होतं?' प्रत्येकाने दहाच पेशंट बघायचे, पण खरे. फोन करायचा, हात वळतो का, कामावर जातो का, कर्ज काढलं का, विचारायचं. 'शेतीची लाईट दिवसा दिली तर साप चावण्याचं प्रमाण घटतं का?' हाही वैद्यकीय प्रश्नच आहे. त्यासाठी डॉक्टर, वीज मंडळाचा माणूस, सापांचा अभ्यासक आणि शेतकरी एका टेबलाशी बसावे लागतील. व्याप्ती म्हणतात ती याला.

आणि प्रश्न जिथे जन्मतात तिथे वाचनही पोचलं पाहिजे. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये देऊन सुमारे १३ हजार जर्नल्स सरकारी उच्च शिक्षण संस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना खुली झाली. चांगलंच झालं. पण त्या यादीत प्राथमिक आरोग्य केंद्र नाही. आजच्या बिरवाडीतल्या डॉक्टरला पेपर वाचायचा तर खिशातून पैसे किंवा मित्राचा पासवर्ड.

तुम्ही डॉक्टर नसाल तर म्हणाल, याचा माझ्याशी काय संबंध? तुमच्या फोनवर रोज 'संशोधनात सिद्ध झालंय' असं काहीतरी येतं. पुढच्या वेळी फॉरवर्ड करण्याआधी तीनच गोष्टी विचारा : किती माणसांवर? ती माणसं कोण होती? आणि प्रश्न कुणाला पडला होता? उत्तर मिळत नसेल तर त्यामागे माझ्यासारखी कुणीतरी रात्रभर जागी असण्याची शक्यता सोडू नका.

मी आता एका तालुक्याच्या गावी काम करते. टेबलाच्या खणात एक वही आहे. साप चावून वाचलेल्या प्रत्येकाचं नाव, फोन, तीन महिन्यांनी काय, वर्षाने काय. आजवर २९ नावं झाली. कित्येकदा फोन लागत नाही, नंबर बदललेला असतो, कुणी ऊसतोडीला गेलेलं असतं. खऱ्या पेशंटचं असंच असतं, एक्सेलमधल्यांसारखे ते वेळेवर येत नाहीत.

त्या मावशींचं नाव वहीत नाही. त्यांचा पत्ता मी तेव्हा लिहून घेतला नव्हता, माझ्या थिसिसला तो लागत नव्हता. त्या ३७ जणांची फाइल मात्र अजून माझ्या लॅपटॉपवर आहे.