टाचेमागे असते ती कंडरा

मागील अंकातील लेखात 'धावताना टाचेमागची शीर तुटली' असे वाक्य आहे. बोलण्यात ते खपते, आरोग्यविषयक लेखात नाही. शीर म्हणजे रक्तवाहिनी. टाचेमागे असते ती कंडरा: पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी जोडणारा, सुमारे १५ सेंटीमीटर लांबीचा कोलॅजेनचा जाड पट्टा.

सुश्रुतसंहितेनेही १६ कंडरा आणि ७०० शिरा वेगवेगळ्या मोजल्या आहेत.

फरक केवळ शब्दाचा नाही. कंडरेत रक्तवाहिन्या मुळातच कमी, टाचेच्या वर दोन ते सहा सेंटीमीटरच्या भागात तर आणखी कमी. बहुधा ती तिथेच तुटते आणि भरून यायला महिने लागतात. 'शीर' म्हटल्याने नेमके हेच कारण झाकले जाते.

'कंडरा म्हणजे निव्वळ दोरी' हेही अपुरे. धावताना ती ताणून ऊर्जा साठवते आणि पुढच्याच क्षणी परत देते. हाडालाही ती एकदम चिकटत नाही; तंतू, तंतुमय कूर्चा, कॅल्शियमयुक्त कूर्चा आणि मग हाड, असा तिचा कडकपणा पायरीपायरीने वाढतो. लेखात उल्लेखलेले लिगामेंट मात्र हाडाला हाड जोडते.

शंका असल्यास वाचकांनी कोपराखाली हात धरून बोटे हलवावीत. बोटे मिटणारे मुख्य स्नायू तिथे हालताना जाणवतात. मनगटातून लांबच लांब कंडरा ती ओढ बोटांपर्यंत नेतात.

— एक वाचक