ठिणगीचा मुहूर्त

गेल्या महिन्यांत येथें उमरखेडास आमच्या पुतण्यानें एका जुन्या मोटारसायकलचें टायमिंग आपल्या हातानें बसविलें. मोजमाप कांहींच केलें नव्हतें. "काका, आवाजावरून कळतें," एवढाच त्याचा आधार. पहिल्याच किकेस गाडीनें असा उलट झटका दिला कीं, घोटा सुजून स्वारी आठ दिवस ओसरीवर बसून होती. त्या आठ दिवसांत त्यानें नवाच ध्यास घेतला: घरीं विमान बांधावयाचें, आणि त्यांत फिरत्या त्रिकोणाचें इंजिन बसवावयाचें! घरांतील मंडळी हसली. आम्ही मात्र त्यास जवळ बसवून विषय समजून घेतला. तोच आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

घरीं विमान बांधणें ही पोरकट कल्पना नव्हे. कॅप्टन अमोल यादव यांनीं मुंबईस कांदिवलींत, आपलें एकत्र कुटुंब राहत असलेल्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलें. तें फेब्रुवारी २०१६ मध्यें मुंबईच्या 'मेक इन इंडिया' सप्ताहांत मांडलें गेलें, व नोव्हेंबर २०१७ मध्यें त्याची सरकारी नोंदणी झाली. परदेशांत तर घरगुती विमानें पुष्कळच आहेत. आणि त्यांपैकीं कांहींत हौशी लोक जपानी माझ्दा मोटारीचें फिरत्या त्रिकोणाचें इंजिन बसवितात. पुतण्याच्या मनांत भरलें तें हेंच.

हें इंजिन जर्मनीच्या फेलिक्स व्हान्केल यांच्या कल्पनेंतून निघालें, व १९५७ सालीं प्रथम चाललें. ह्यांत खालींवर होणारा दट्ट्या नाहीं. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण लंबगोलासारख्या पोकळींत फिरतो. त्याचा एक फेरा होतो तेव्हां मधला दांडा तीन वेळां फिरतो. त्रिकोणाच्या तीन टोकांवर बारीक पट्ट्या असतात. त्या भिंतीस घट्ट टेकून वायु कोंडून धरतात.

आतां ठिणगीचें पाहूं. पेट्रोल आणि हवा यांचें मिश्रण पेटण्यास थोडा अवकाश लागतो. म्हणून मिश्रण पुरतें दाबलें जाण्याच्या किंचित् आधींच ठिणगी पाडावी लागते, म्हणजे पुरा जोर दाबाचा क्षण उलटतांच हातीं येतो. हें 'आधीं' दांड्याच्या फिरण्याच्या अंशांत मोजतात. दांडा मिनिटास ६००० फेरे घेत असेल, तर सेकंदास १०० फेरे, म्हणजे ३६,००० अंश झाले. ठिणगी २० अंश आधीं पाडणें म्हणजे सेकंदाच्या अठराशेव्या भागाइतकी आधीं पाडणें होय! शिवाय ह्या इंजिनाची जळण्याची जागा लांबट व चिंचोळी असल्यानें प्रत्येक त्रिकोणास दोन प्लग असतात. पुढचा आधीं पेटतो, मागचा बहुधा कांहीं अंशांनीं नंतर. म्हणजे मुहूर्तही दोन सांभाळावयाचे.

ठिणगी फार लवकर पडली, तर मिश्रण भडकून स्फोटाचे ठोके बसतात, आणि टोकांवरच्या त्या बारीक पट्ट्या तुटतात. फार उशिरां पडली, तर जोर घटतो व जळतें वायु तसेच बाहेरच्या नळींत जाऊन ती अतोनात तापते. मोटार बिघडली तर रस्त्याच्या कडेस उभी करतां येते. आकाशास कडा नाहीं. आणि पंख्याच्या गर्जनेंत ते ठोके कानास ऐकूं येतीलच, ह्याचा भरंवसा धरतां येत नाहीं.

म्हणून जाणते लोक कानावर विसंबत नाहींत. विमानाची शेपटी बांधून, चाकांस अडणी लावून, पंख्याच्या आसपास कोणास फिरकूं न देतां ते इंजिन चालवितात. मग प्लगच्या तारेस जोडलेला लुकलुकणारा दिवा पुलीवर धरतात. प्रत्येक ठिणगीबरोबर दिवा लखकन् चमकतो, आणि वेगानें फिरणारी पुली जागच्या जागीं उभी दिसते. तिच्यावरील खूण स्थिर खुणेशीं जुळते कीं नाहीं, तें तेव्हां कळतें. पुली उभी दिसली म्हणून बोट मात्र लावूं नये! ही परीक्षा मंद गतीवर तशीच चढत्या गतीवरही घेतात. किती अंश ठेवावयाचे तें इंजिनाच्या जातीवर आणि इंधनावर ठरतें. शेजाऱ्याचा आंकडा आपल्या इंजिनास चालत नाहीं.

आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रावर पाहात. वाटी बुडेपर्यंत भटजी टक लावून बसत. "मला वाटतें, झाली वेळ," असें म्हणून अंतरपाट कोणी दूर करीत नसे. मुहूर्त अंदाजानें धरावयाचा नसतो, हें आपल्या वाडवडिलांस पक्कें ठाऊक होतें. मग तीच शिस्त आम्हीं यंत्रापुढें कां टाकावी?

घरांतील मुलास असा ध्यास लागला, तर वडीलधाऱ्यांनीं त्याचा हात धरूं नये. त्याची वही मागावी. काय मोजलें, कशानें मोजलें, किती भरलें, एवढें विचारावें. आमच्या पुतण्याची वही आतां सुरू झाली आहे. गेल्या रविवारीं त्यानें पातळ पट्टीनें फट मोजली, खुणेस खूण जुळविली, आंकडे लिहिले, आणि मगच किक मारली. आम्ही शेजारींच उभे होतों. गाडी पहिल्या किकेस सुरू झाली, आणि घोटाही शाबूत राहिला. विमान अद्यापि दूर आहे. परंतु वाट तीच आहे.