पेठांना पेठांच्या मापाचे नियम द्या

वाडा पडला की आपण हळहळतो, जुने फोटो टाकतो, बिल्डरला दोन शिव्या घालतो आणि विषय संपतो. मी पेठेतलाच, मीही हेच करत आलोय. पण वाडा पाडणं हाच सगळ्यात सोपा मार्ग ठरावा, ही सोय नियमांनी केलेली आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव पेठेतला साधा वाडा डोळ्यासमोर आणा. समोरून अरुंद, आत खोलच खोल. बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामाईक. दगडी जोतं, सागवानी खांब, मधे उघडा चौक. उजेड-वारा येतो तो त्या चौकातून.

आता डिसेंबर २०२० ची एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर. मुंबई आणि मोजके भाग सोडले तर अख्ख्या राज्याला एकच. दाटवस्तीसाठी त्यात वेगळं प्रकरण आहे, मान्य. पण हिशेब तोच: रस्ता किती रुंद, सामासिक अंतर किती, पार्किंग किती. आधीच अरुंद जागा, त्यात बाजूला अंतर सोडा म्हटलं की उरतं काय? मग शेजारचे दोन-तीन वाडे एकत्र करून मोठा प्लॉट केल्याशिवाय परवडतच नाही. एक वाडा जायचा तिथे तीन जातात.

आणि पार्किंग! ते आलं की तळमजला गाड्यांचा. जिथे ओटा होता, शिंप्याचं किंवा किराण्याचं दुकान होतं, तिथे आता लोखंडी गेट आणि खांब. संध्याकाळी त्या गल्लीतून चालून बघा, रस्त्याकडे बघणारं एक माणूस दिसत नाही. सप्टेंबर २०२४ पासून कसबा पेठ आणि मंडईच्या पोटातून मेट्रो धावतेय. तरी गल्लीतल्या चार फ्लॅटना पार्किंग हवंच, हा आग्रह मला कळत नाही. उलट स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत जादा एफएसआय देण्याचं धोरण आहे. रुंद रस्त्यावर ते ठीक, पण गल्ल्यांतले मालकसुद्धा आता त्याच आशेवर दुरुस्ती थांबवून बसलेत.

दुसरं टोक शनिवारवाड्याजवळ. २०१० च्या केंद्रीय कायद्याने संरक्षित स्मारकाच्या १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद. दुरुस्तीलाही वेगळी परवानगी. म्हणजे एकीकडे पाडा आणि उंच बांधा, दुसरीकडे हात लावू नका. मधला रस्ता कुठेच नाही.

वाड्यात राहणं म्हणजे गंमत नाही, हे बाहेरच्यांनी ध्यानात घ्यावं. सामाईक संडास, पावसाळ्यात गळकं छप्पर, वर्षानुवर्षं तेच भाडं. मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरूला सोडून जाणं परवडत नाही. पावसाळ्याआधी धोकादायक म्हणून नोटीस लागते आणि कधीकधी दोघांनाही सुटल्यासारखं वाटतं. त्यांना ‘वारसा जपा’ असं नुसतं सांगणं हा आगाऊपणा आहे.

म्हणून पेठांसाठी वेगळा झोन हवा. भिंत सामाईक आहे तिथे बाजूचं अंतर मागू नका. रस्त्याकडचा भाग आणि चौक राखला तर मागच्या बाजूला थोडं जास्त बांधू द्या. पार्किंग माफ करा. न वापरलेला एफएसआय टीडीआर म्हणून विकता येतो, पण तो वारसा यादीतल्या वास्तूंना. यादीत नसलेल्या साध्या वाड्यालाही ती सोय द्या, आणि त्या पैशातून आधी दुरुस्ती आणि प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र संडास, अशी अट घाला. भाडेकरूंची नावं करारात आल्याशिवाय परवानगी नको.

तुमचा वाडा असेल, किंवा तुम्ही भाडेकरू असाल, तर खाली एवढंच लिहा: पेठ कुठली, समोरची रुंदी किती, भिंत सामाईक आहे का, बिऱ्हाडं किती. नावं नकोत. शंभरेक वाड्यांची मापं जमली की घेऊन जाऊ महापालिकेत.