परसातले रेशीम आणि बाईच्या तासाचे मोल

ग्रामीण दारिद्र्यावर उपाय सुचविण्याची वेळ आली की आपल्याकडे एक शब्द हमखास पुढे येतो : पूरक धंदा. शेती परवडत नाही, तर कोंबड्या पाळा. कोंबड्या मेल्या, तर मधमाश्या पाळा. याच मालिकेत आता रेशीमकिडे आले आहेत. परसात भाजीचे चार वाफे, बांधावर तुती, पडवीत किड्यांच्या मांडण्या आणि फावल्या वेळात सूतकताई, असे एक मनोहर चित्र रंगविले जाते. हे चित्र खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु त्यात एक आकडा लिहावयाचा राहून गेला आहे : त्या घरातील बाईच्या कामाच्या तासांचा. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तो आकडा वगळून केलेला कोणताही हिशेब आतबट्ट्याचाच ठरेल.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेनुसार, शंभरातील सुमारे एकोणसत्तर माणसे अनुसूचित जमातींची आहेत. तापीकाठी शहादा-तळोद्याच्या काळ्या जमिनीत ऊस, केळी, कापूस. नंदुरबारची मिरची तर दूरवर प्रसिद्ध. उत्तरेस सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, पावसाळा सरला की शेतातले कामही सरते. मग दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला आणि वीटभट्ट्यांवर, बव्हंशी गुजरातेत, निघून जातात. श्रमाच्या मोलाचा प्रश्न येथे नवा नाही. १९७२ मध्ये शहाद्यास श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग सुरतवंतींच्या नेतृत्वाखाली भिल्ल सालदार व मजूर हक्काने बोलू लागले, तेव्हा गेलेल्या जमिनी आणि न मिळालेली मजुरी हेच दोन मुद्दे अग्रभागी होते. त्या लढ्यात दारूविरुद्ध पुढे सरसावल्या त्या स्त्रियाच. त्यांच्या मुली-नातींना आज आपण कोणता धंदा सुचवीत आहोत, याचे उत्तरदायित्व सुचविणाऱ्यांवर आहे.

प्रथम परसबागेचा विचार करू. शेवगा, पपई, वाल, भोपळा, मिरची आणि अंबाडी यांचे परस हे अर्थशास्त्राच्या दृष्टीने मोठे सुरक्षित उत्पादन आहे. त्याला बाजार नाही, म्हणून दलालही नाही. जे पिकते ते ताटात येते. कुपोषणाने ज्या तालुक्यांचे नाव वर्तमानपत्रांत पुनःपुन्हा झळकले, तेथे या गोष्टीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. अंबाडीचे उदाहरण तर बोलके आहे. कोवळ्या पाल्याची भाजी होते, आणि झाड वाढू दिले तर काड्या पाण्यात कुजवून सालीचा वाख निघतो, त्याचे दोर वळले जातात. अन्न आणि धागा एकाच वाफ्यात, आणि दोन्ही प्रथम घरच्याच गरजेसाठी. परसबाग आणि सूत यांची जोड अशी आपल्याकडे जुनीच आहे.

रेशमाची गोष्ट वेगळी. तुतीवरचा रेशीमकिडा अंड्यातून बाहेर पडल्यापासून सुमारे पंचवीस दिवसांत चार वेळा कात टाकतो आणि मग कोष विणतो. शंभर अंडीपुंजांतून चाळीस ते पन्नास हजार अळ्या निघतात. त्यांना साधारण टनभर पाला लागतो, आणि त्यातला ऐंशी टक्क्यांहून अधिक शेवटच्या आठवड्यात. म्हणजे त्या आठवड्यात दररोज शंभर किलोंच्या वर पाला तोडावयाचा, वाहून आणावयाचा, तीन-तीन वेळा घालावयाचा आणि खालची विष्ठा काढून जागा स्वच्छ राखावयाची. घरातले मूल आजारी आहे, पाहुणा आला आहे, हे किड्याला कळत नाही. यास फावल्या वेळाचे काम म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे. पीक चांगले साधले तर साठ-सत्तर किलो कोष मिळतात. त्यांतून, सहा ते आठ किलो कोषांस एक किलो या प्रमाणात, आठ-दहा किलो कच्चे रेशीम निघते.

टनभर पाला परसातल्या चार झाडांतून येत नाही. त्यासाठी सलग तुती हवी, बारमाही पाणी हवे. तापीच्या खोऱ्यात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. किड्याला मानवते पंचवीसच्या आसपासचे तपमान. शेजारच्या कापसावर किंवा मिरचीवर मारलेल्या औषधाचा फवारा वाऱ्याने तुतीवर आला तर मांडणीच्या मांडणी मरून पडते. अर्थात ज्याच्याकडे विहीर आहे, जमिनीचा सलग तुकडा आहे आणि पक्के संगोपनगृह आहे, त्याला हा धंदा लाभतो. बीड-जालन्याकडे अनेक शेतकऱ्यांनी तो सचोटीने करून दाखविला आहे. पण ते पूर्णवेळ शेतीचे पीक आहे, गरिबाच्या परसातला जोडधंदा नव्हे.

परसाला अधिक जवळचे आहे ते एरी रेशीम. हा किडा एरंडाचा पाला खातो. आसामी भाषेतले त्याचे नाव आणि आपला एरंड यांचे मूळ एकच. एरंड थोड्या पाण्यावर, बांधावरही येतो. एरीचा कोष एका टोकाला उघडा असतो, त्यातून अखंड तार ओढता येत नाही. पतंग निघून गेल्यावर कोष शिजवून, पिंजून तो कापसासारखा टकळीवर कातावा लागतो. आसाम-मेघालयात स्त्रिया पिढ्यान्पिढ्या हे करीत आल्या आहेत, आणि कोशातील किडा तेथे अन्न म्हणूनही खातात. भांडवल थोडे, हत्यार साधे. परंतु टकळीवर दिवसभरात निघणारे सूत तोळ्यांत मोजावे लागते. येथेच ग्यानबाची मेख आहे. हत्यार जितके साधे, तितके मालाच्या किमतीत श्रमाचे प्रमाण मोठे. आणि श्रम बाईचा असला की तो फुकट धरण्याची आपली वहिवाट.

हा पेच आपल्या देशात पूर्वी एकदा उघडपणे मांडला गेला आहे. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघाने लाखो स्त्रियांना सूतकताई दिली. पण मजुरी बाजाराच्या दराने, म्हणजे नगण्य होती. १९३५ मध्ये गांधीजींनीच आग्रह धरला की कातणारीला निदान जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, त्यासाठी खादी महाग झाली तरी चालेल. विनोबांनी वर्ध्याजवळ नालवाडीस कताईच्या मजुरीवर जगून पाहण्याचा प्रयोग केला. खप घटेल ही भीती तेव्हाही घालण्यात आली. चरख्याच्या अर्थशास्त्राविषयी आम्हा समाजवाद्यांचे मतभेद जुने आहेत. पण मोजण्याची रीत त्या वर्षी बरोबर ठरली. आधी माणसाचा तास, मग मालाचा भाव.

दुसरा धडा कर्नाटकाचा. म्हैसूरचे रेशीम केवळ झोपड्यांतून मोठे झाले नाही. संस्थानाने १९१२ मध्ये विणकामाचा कारखाना काढला. पुढे संशोधन संस्था, अंडीपुंज केंद्रे आणि १९५९ च्या कायद्याखाली कोषांचे नियंत्रित बाजार उभे राहिले. सार्वजनिक संस्थांच्या आधारावाचून छोटा उत्पादक टिकत नाही, हे तेथे दिसते. आणि जेथे ती नजर पोहोचली नाही तेथे काय होते, हेही दिसते : रामनगर-मागडी भागातील धागा ओढण्याच्या लहान कारखान्यांत मुले गरम पाण्यात हात घालून राबत होती. महाराष्ट्रात रेशीम संचालनालय १९९७ मध्ये नागपुरास स्थापन झाले, जालन्यास कोषांची खुली बाजारपेठ २०१८ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी मराठवाड्याच्या शेतकऱ्याला गोण्या घेऊन रामनगर गाठावे लागे. कोष विकणारा आणि धागा काढणारा यांच्यात जितके अंतर, तितका नफा वाटेत सांडतो. सातपुड्यातल्या बाईने तो किती सांडू द्यावा?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. तास मोजू लागलात तर कोणताच घरगुती उद्योग टिकणार नाही; काही नसण्यापेक्षा थोडे बरे. माझे उत्तर असे की, ‘थोडे बरे’ हेच सूत्र सालदारीच्या समर्थनार्थही सांगितले जात असे. महाराष्ट्राने १९७७ च्या कायद्याने कामाचा हक्क मान्य केला. पुढे तुतीची लागवड आणि संगोपनगृहाचे बांधकाम यांची मजुरी रोजगार हमीतून देण्याची सोयही झाली. खड्डा खणण्याची मजुरी देता येते, तर किडा वाढविण्याच्या तासांचा हिशेब ठेवण्यास अडचण कोणती?

म्हणून नंदुरबारात हा उद्योग न्यावयाचा असेल तर तीन अटींवर न्यावा. पहिली, पाणी आणि जमीन आधी परसबागेला. भाजीचा वाफा मोडून एरंड वा तुती लावू नये. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये विवाहितांना मिळणाऱ्या पट्ट्यावर पती-पत्नी दोघांची नावे असतात. कोषाच्या पैशाचे खातेही बाईच्या नावे असावे. दुसरी, पहिल्या दोन कातींपर्यंतचे नाजूक संगोपन आणि अखेरचे धागा काढणे ही दोन्ही कामे तालुक्याच्या ठिकाणी सहकारी तत्त्वावर व्हावीत, आणि ऊस उत्पादकाला साखरेच्या हिशेबावर अंतिम भाव मिळतो तसा कोष देणारीला धाग्याच्या विक्रीतून फरक मिळावा. खानदेशाला सहकार ठाऊक आहे. मात्र तो आजवर बागायतदाराच्या बांधापाशीच थांबला. तिसरी, प्रत्येक सहकारी संस्थेने तासांची वही ठेवावी. कोषाच्या वा सुताच्या पैशाला तासांनी भागून येणारा आकडा शेतमजुरीच्या किमान दराहून कमी असेल, तर तूट शासनाने भरावी किंवा तो धंदा त्या गावात सांगणे बंद करावे.

या अटी पाळल्या तर दिवाळीनंतर काही घरांना कुलूप लागणार नाही. एरंडाच्या आणि अंबाडीच्या सुतावर काहींना गावातच दोन पैसे मिळतील. न पाळल्या तर ऊसतोडीहून परतलेल्या बाईच्या डोक्यावर आणखी एक भारा चढेल, एवढेच. पक्षाच्या तालुका शाखांनी अशी वही आपापल्या भागातील एका तरी गटात सुरू करून पाहावी. तिच्यातले आकडे हातात असले, तर जिल्हा परिषदेत आणि विधानसभेत आपल्याला पुष्कळ बोलता येईल.