इंग्रजीचे पुस्तक पारखून घ्या



जून महिना आला की औरंगपुऱ्यातील पुस्तकांच्या दुकानांसमोर पालकांची रीघ लागते. कुणी मजुरीतून, कुणी वाळूजच्या कंपनीतील पगारातून, कुणी धुण्याभांड्याच्या कामातून चार पैसे बाजूला टाकलेले असतात. पोटाला चिमटा काढून आईबाप मुलांसाठी गाईड घेतात, व्याकरणाचे पुस्तक घेतात, ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ असली पुस्तकेही घेतात. आता त्यात मोबाईलवरील धड्यांची भर पडली आहे. पैसा आपण मोजून देतो. पण घेतलेला माल खरा की खोटा, हे तपासतो का? भाजी घेताना आपण वांगे दाबून पाहतो. पुस्तक मात्र वरचे रंगीत चित्र पाहून घेतो.

महाराष्ट्रात पूर्वी इंग्रजी पाचवीपासून शिकवीत. सन २००० पासून मराठी शाळांतही ते पहिलीपासून सुरू झाले. म्हणजे सहा वर्षांच्या लेकराच्या हातात हे पुस्तक जाते. ज्या घरात आजोबांपासून इंग्रजी आहे, तेथे पुस्तकातील चूक बापाच्या नजरेला पडते आणि तो ती तिथल्या तिथे सुधारतो. भीमनगर-भावसिंगपुऱ्यातील किंवा मुकुंदवाडीतील ज्या घरात पहिल्यांदाच कुणी इंग्रजी शिकत आहे, तेथे ती चूक कोण पकडणार? तेथे छापलेले तेच खरे ठरते. पोर ती चूक इमानेइतबारे पाठ करते आणि दहा-बारा वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीत ती त्याच्या तोंडून बाहेर पडते. समोरचा साहेब पुस्तक लिहिणाऱ्याला हसत नाही, आपल्या मुलाला हसतो. म्हणून हा विषय आपल्या घरासाठी लहान नाही.

चुका कशा असतात?

नेहमीचीच उदाहरणे घेऊ. स्वतःची ओळख करून देताना ‘मायसेल्फ संजय’ असे म्हणायला कित्येक पुस्तके शिकवितात. सरळ ‘आय अॅम संजय’ म्हणावे. ‘आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स’ नव्हे, ‘आय हॅव टू ब्रदर्स’. ‘डिस्कस अबाउट’ नव्हे, नुसते ‘डिस्कस’, कारण ‘विषयी’ हा अर्थ त्या शब्दातच आहे.

काही चुका खास मराठी माणसाच्या आहेत. आपण म्हणतो, ‘मी दोन वर्षांपासून येथे राहतो’ आणि ‘मी १९९८ पासून येथे राहतो’. दोन्हीकडे ‘पासून’ एकच. इंग्रजीत मात्र काळाची लांबी सांगायची तर ‘फॉर टू इयर्स’ आणि सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स १९९८’. आपली मुले ‘सिन्स टू इयर्स’ लिहितात ते याच ‘पासून’मुळे. जे पुस्तक मराठी मुलासाठी म्हणून विकले जाते, त्याने हा खड्डा दाखवलाच पाहिजे. दुसऱ्या भाषेतील पुस्तक उचलून त्यावर मराठी अर्थ चिकटवले, तर तो दिसत नाही.

‘अ’ आणि ‘अॅन’चा नियम पाहा. पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते की पाच स्वरांच्या अक्षरांपूर्वी ‘अॅन’ येतो. हे अर्धे सत्य आहे. नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे. म्हणून ‘अॅन अवर’, कारण तेथे ‘एच’ उच्चारला जात नाही. ‘अ युनिव्हर्सिटी’, कारण उच्चार ‘यु’ने सुरू होतो. आणि आपला मुलगा एम. ए. झाला तर ‘अॅन एम. ए.’. दुकानात उभ्या उभ्या हे एक पान काढून पाहा. ज्याला हा नियम नीट सांगता येत नाही, त्याच्या बाकीच्या नियमांवर किती विश्वास ठेवायचा ते आपणच ठरवा.

उच्चारांची गोष्ट आणखी नाजूक. देवनागरीत उच्चार दिले की पालकांना बरे वाटते, आपल्यालाही वाचता येते. पण ‘वेस्ट’ म्हणजे काय? पश्चिम दिशा, वाया घालवणे की अंगातला बनियन? इंग्रजीत हे तीन वेगळे उच्चाराचे शब्द आहेत, आपल्या लिपीत घाईने लिहिले की तिन्ही एकच होतात. पहिल्या दोहोंत ओठांचा चंबू होतो, तिसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात. पहिल्यातला स्वर आखूड, दुसऱ्यातला लांब. चांगले पुस्तक हे सांगते. मराठीची मदतही होऊ शकते. ‘जेवण’मधला ज आणि ‘जवळ’मधला ज वेगळा, हे आपल्या मुलाला उपजतच कळते. असा एकाच अक्षराचा वेगळा उच्चार दाखवून पुढे इंग्रजी ‘झू’मधल्या आवाजाकडे नेता येते.

मात्र प्रत्येक वेगळी गोष्ट चूक नसते. ‘प्रीपोन’ हा शब्द आपल्या देशात रुळला आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशानेही तो घेतला. ‘कझिन ब्रदर’ म्हणताना आपल्या मनात मामेभाऊ, चुलतभाऊ, आतेभाऊ असतो. इंग्रजीला नुसता ‘कझिन’ पुरतो. लेखकाने चूक कोणती आणि आपल्याकडची रीत कोणती, हे वेगवेगळे सांगावे. सगळ्यालाच हसणारे पुस्तकही भरवशाचे नाही.

पूर्वीच्यांनी कसे काम केले?

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. ते काम एकट्याचे नव्हते, मराठी जाणणारी पंडित मंडळी त्यासाठी बसवली होती. तेवढ्यावर न थांबता सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये काढली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, कारण तिची मांडणी मराठी वाक्यापासून सुरू होते. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमातून सुरू झाले, तेव्हा पुस्तकांसाठी स्वतंत्र भाषांतर विभाग उभारला गेला. पारिभाषिक शब्द समित्यांनी चर्चा करून ठरवले. विषय जाणणारा आणि भाषा जाणणारा एकत्र बसल्याशिवाय पुस्तक छापू नये, हा धडा आपल्याच मुलखात घालून दिलेला आहे.

परभाषेतून शिकणाऱ्यासाठी कोश कसा असावा, हे हॉर्नबी यांनी दाखवले. जपानमध्ये इंग्रजी शिकवता शिकवता त्यांनी तो तयार केला. ऑक्सफर्डने १९४८ साली काढलेला हा कोश नुसता अर्थ देऊन थांबत नाही, शब्द वाक्यात कसा बसतो तेही सांगतो. पुढे १९८७ साली निघालेल्या कोबिल्ड कोशाने आणखी एक पाऊल टाकले. बर्मिंगहॅम विद्यापीठात लोकांनी खरोखर लिहिलेल्या-बोललेल्या इंग्रजीचा प्रचंड साठा संगणकात जमवला आणि उदाहरणे त्यातून घेतली. टेबलापाशी बसून मनाने वाक्ये रचण्याचे दिवस तेथे संपले. आपल्याकडील स्वस्त पुस्तकांत मात्र ते अजून चालू आहेत.

बाबासाहेबांनीही कोशाचे काम कमी लेखले नाही. त्यांनी पाली शब्दांचा इंग्रजी अर्थांचा कोश केला, शिवाय इंग्रजी, मराठी, गुजराती व हिंदी अर्थांसह दुसराही केला. महाराष्ट्र शासनाने १९९८ साली तो त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात छापला. १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय उभे करणाऱ्या, घटना लिहिणाऱ्या माणसाने एकेका शब्दाचा अर्थ लावत बसण्यासाठी वेळ काढला. मग दोनशे पानांचे पुस्तक विकणाऱ्याला एक मुद्रित तपासायला वेळ नसावा?

घरी कसे पारखावे?

एक. आतले पान उघडा. लेखक कोण, तपासले कुणी, आवृत्ती कितवी, वर्ष कोणते? नाव-गाव नसलेले पुस्तक आणि नाव-गाव नसलेले औषध सारखेच. बालभारतीची स्थापना १९६७ साली झाली. तिच्या पाठ्यपुस्तकांत विषय समितीच्या सदस्यांची नावे छापलेली असतात. ती पुस्तके मोबाईलवर फुकट उतरवूनही घेता येतात.

दोन. वर सांगितलेली वाक्ये आणि ‘अॅन’चा नियम शोधून पाहा.

तीन. उत्तरासोबत कारण दिले आहे का ते पाहा. नुसते उत्तर पाठ होते, कारण समजले तर पुढचे उत्तर मुलगी स्वतः काढते.

चार. पुस्तकात राहते कोण, ते पाहा. ‘फेअर’ म्हणजे गोरा, आणि लगेच पुढे ‘सुंदर’ असे छापले असेल, तर इंग्रजीबरोबर आणखी काहीतरी मुलीच्या मनात उतरते आहे. त्याच शब्दाचा न्याय्य हा अर्थ का गाळला, ते विचारा. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आई-वडील दोघे मिळून घरकाम करताना दाखवले. चित्र बदलता येते, बदलणारा हवा.

पाच. चूक कळवली तर दुरुस्त होते का? २०१३ साली दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकातील नकाशात अरुणाचल प्रदेश भारताबाहेर गेल्याचे उघड झाले. बोभाटा झाला आणि दुरुस्ती करावी लागली. चूक मोठ्या संस्थेकडूनही होते. पत्ता देणारा आणि पुढच्या आवृत्तीत सुधारणारा प्रकाशक विश्वासाचा. मोबाईलवर शिकवणाऱ्यालाही हाच न्याय लावा. खाली कुणी चूक दाखवली, तर तो मान्य करतो की ती सूचनाच पुसून टाकतो?

सावित्रीबाईंनी १८५४ सालच्या ‘काव्यफुले’मधून इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तेव्हा पुस्तक मिळणेच दुर्मीळ होते. आज पुस्तकांचा ढीग आहे, पारख दुर्मीळ आहे. वस्तीतील विहाराच्या किंवा अभ्यासिकेच्या कपाटासाठी वर्गणी काढून एक चांगला विद्यार्थी-कोश घ्या. दर घराने पाच बनावट गाईडे घेण्यापेक्षा दहा घरांत एक खरा कोश अधिक उपयोगी. वस्तीतील पदवीधर मुला-मुलींनी रविवारी तासभर बसून लहानांची पुस्तके तपासावीत, चुकांची यादी करून प्रकाशकाला पत्र टाकावे. पत्राची प्रत ठेवावी. उत्तर आले नाही, तर त्याचे पुस्तक पुढच्या जूनमध्ये घेऊ नये.