पराभवाची खतावणी

नाशिकच्या व्यापारी घरांत ‘स्क्वॉश’ हा शब्द अनेक वर्षे उन्हाळ्याच्या सुट्टीतील पाहुणचाराशी जोडलेला होता. बाटलीतील लिंबाचा वा संत्र्याचा घट्ट रस पेल्यात ओतायचा, वर माठातील पाणी, आणि पाहुण्यांपुढे तबक. याच नावाचा एक खेळ आहे आणि त्यावर उपजीविका करणारी माणसे आहेत, हे आता नव्या पिढीमुळे घराघरांत ठाऊक होऊ लागले आहे. मात्र एखाद्या मुलाने वा मुलीने ‘मला खेळातच पुढे जायचे आहे’ असे म्हटले, की दुकानाच्या गादीवर बसलेल्या वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : यातून मिळकत किती आणि केव्हा?

हा प्रश्न संकुचित नव्हे. भांडवल गुंतवणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे. विदित गुजराथी यांनी नाशिकमध्ये वाढून बुद्धिबळात २०१३ मध्ये ग्रँडमास्टर किताब मिळवला आणि २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात स्थान मिळवले. त्यामुळे खेळ हाही पूर्णवेळ व्यवसाय असतो, हे या शहराने जवळून पाहिले आहे. स्क्वॉशचा हिशोब मात्र अधिक कठीण आहे, कारण येथे बुद्धीच्या जोडीला शरीर हेच भांडवल असते आणि ते दरवर्षी झिजते.

या खेळाचे कोर्ट म्हणजे ९.७५ मीटर लांब आणि ६.४० मीटर रुंद अशी चार भिंतींची खोली. टेनिसप्रमाणे मध्ये जाळी नाही. दोन्ही प्रतिस्पर्धी एकाच जागेत वावरतात आणि समोरच्या भिंतीवर आळीपाळीने चेंडू मारतात. रबराचा पोकळ चेंडू थंड असताना जेमतेम उसळतो, म्हणून खेळण्यापूर्वी तो मारून मारून गरम करावा लागतो. अकरा गुणांचा एक गेम, पाचांतील तीन गेम जिंकणारा विजयी. चेंडूकडे जाण्याची वाट प्रतिस्पर्ध्याला मोकळी करून देणे हा नियम आहे. वाट अडवणाऱ्याला गुण गमवावा लागू शकतो. एकाच गल्लीत समोरासमोर दुकाने मांडून सचोटीने स्पर्धा करणाऱ्यांना या नियमाचे मर्म वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

व्यावसायिक स्क्वॉशपटू ही एक माणसाची पेढीच असते. कारखान्याच्या पगारी माणसाप्रमाणे महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याच्या खात्यात ठरावीक रक्कम जमा होत नाही. देशोदेशी स्पर्धा, त्यांचा विमानप्रवास, व्हिसा, निवास, प्रशिक्षक, शरीरावरील उपचार, हा खर्च आधी होतो. बक्षिसाची रक्कम नंतर येते आणि ती खेळाडू कोणत्या फेरीपर्यंत पोहोचला यावर ठरते. पहिल्याच फेरीत हरणाऱ्याच्या हाती पडणाऱ्या रकमेतून पुष्कळदा प्रवासखर्चही भागत नाही. जागतिक क्रमवारीतील गुण कालांतराने गळून पडतात, म्हणून गेल्या वर्षीच्या यशावर या वर्षी बसून खाता येत नाही. दुखापतीने चार महिने घरी बसवले, तर क्रमवारी घसरते आणि मोठ्या स्पर्धेचे दार पुन्हा खालच्या पायरीवरून ठोठवावे लागते.

आणखी एक साधे गणित आहे. ३२ खेळाडूंच्या स्पर्धेत ३१ सामने होतात आणि अखेर ३१ जण हरून घरी परततात. उत्तम खेळाडूच्याही वर्षभराच्या वहीत विजेतेपदे मोजकी आणि पराभव पुष्कळ असतात. त्यामुळे हा व्यवसाय निवडणाऱ्याच्या अंगी पराभव लिहून घेऊन दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याची ताकद असावी लागते.

कोलकात्याचे सौरव घोषाल हे याचे ठळक उदाहरण. शालेय शिक्षणानंतर घर सोडून ते चेन्नईच्या अकादमीत दाखल झाले. २००४ मध्ये त्यांनी ब्रिटिश ज्युनियर ओपनमध्ये १९ वर्षांखालील गटाचे विजेतेपद मिळवले. तरी जगातील पहिल्या दहांत येण्यास त्यांना एप्रिल २०१९ उजाडावा लागला. तेथवर पोहोचणारे ते पहिले भारतीय पुरुष खेळाडू. कुमार गटातील मोठ्या यशापासून त्या टप्प्यापर्यंत पंधरा वर्षे लोटली होती. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत एकेरीच्या अंतिम सामन्यात पहिले दोन गेम जिंकूनही ते पुढचे तीन हरले आणि सुवर्ण निसटले. त्याच आठवड्यात ते सांघिक सामन्यांसाठी पुन्हा कोर्टावर उभे राहिले आणि भारताने अंतिम फेरीत मलेशियाला २-० असे हरवून या खेळातील आपले पहिले आशियाई सुवर्ण जिंकले.

त्या चौघांच्या संघात मुंबईचे महेश माणगावकर होते. वय अवघे वीस. २०१८ मध्ये जकार्ता येथे सांघिक कांस्य जिंकणाऱ्या संघातही ते होते. पुढे ३० सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे भारताची गाठ सांघिक अंतिम फेरीत पाकिस्तानशी पडली. याच पाकिस्तानकडून गटसाखळीत भारत १-२ असा हरला होता. पहिला सामना खेळण्याची जबाबदारी माणगावकरांवर आली. नासिर इक्बाल यांच्याकडून ते तीन सरळ गेममध्ये हरले. पुढचा सामना घोषाल यांनी जिंकून बरोबरी साधली. निर्णायक सामन्यात अभय सिंह पाचव्या गेममध्ये ८-१० असे मागे होते. एक गुण गेला असता तर सारे संपले असते. तेथून त्यांनी तो गेम १२-१० असा जिंकला आणि सुवर्ण भारताचे झाले.

पदक मात्र चौघांना सारखेच मिळाले. हरणाऱ्याचे पदक वजनाने कमी भरले नाही. सांघिक लढतीत कोणाला तरी पहिल्यांदा उतरावे लागते, आणि तेथवर संघ पोहोचतो तो सर्वांच्या वर्षानुवर्षांच्या सरावावर. एकत्र कुटुंबाच्या पेढीतही एका भावाच्या शाखेला एखादे वर्ष तोट्याचे जाते. दिवाळीच्या वहीपूजनाला मात्र सारे एकाच पाटाभोवती बसतात.

तरीही भावनेच्या भरात ताळेबंद विसरून चालणार नाही. या खेळातील कारकीर्द बहुतेकांची पस्तिशीच्या आसपास संपते. घोषाल यांनी एप्रिल २०२४ मध्ये व्यावसायिक स्पर्धांतून निवृत्ती जाहीर केली तेव्हा ते ३७ वर्षांचे होते. म्हणून शहाण्या खेळाडूंनी शिक्षणाची दुसरी बाजू मोकळी सोडलेली नाही. घोषाल यांनी इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठाची पदवी घेतली. मुंबईचे विक्रम मल्होत्रा अमेरिकेतील ट्रिनिटी कॉलेजात शिकत खेळले. जकार्तामध्ये माणगावकरांचे सहकारी असलेले रमित टंडन कोलंबिया विद्यापीठात शिकले, न्यूयॉर्कमध्ये वित्तक्षेत्रात नोकरीला लागले आणि पुढे ती सोडून पूर्णवेळ खेळाकडे वळले. अमेरिकेतील नामांकित महाविद्यालये चांगल्या स्क्वॉशपटूंना प्रवेशाच्या वेळी महत्त्व देतात. त्यामुळे रॅकेट आणि पुस्तक यांपैकी एकच निवडण्याची सक्ती या खेळात तुलनेने कमी आहे.

हांगझोऊच्या विजयानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, १६ ऑक्टोबर २०२३ रोजी, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत स्क्वॉशला प्रथमच स्थान दिले. ही बैठक मुंबईतच भरली होती. या निर्णयाने खेळाकडे अधिक मुले वळतील, हे उघड आहे. पण ऑलिंपिकची कोर्टे मोजकी आणि इच्छुक असंख्य, हेही तितकेच उघड आहे.

म्हणून ज्या घरात हा प्रश्न आज उभा आहे, तेथे ‘पदक मिळेल काय’ या प्रश्नाआधी काही अन्य प्रश्न विचारले जावेत. हरून आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे मूल आपण होऊन सरावाला उठते काय? किती वर्षे आणि किती रक्कम घर विनाताण देऊ शकते, हे आधी ठरले आहे काय? शिक्षणाचा धागा शाबूत आहे काय? आणि पुढे मूल परत आले, तर खेळात घालवलेली वर्षे ‘वाया गेली’ असा शब्द न काढता त्याला गादीवर जागा मिळेल काय? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मुलाबरोबर बसून काढता येतात. शेवटचे उत्तर वडीलधाऱ्यांनी स्वतःच, आणि मूल घराबाहेर पडण्यापूर्वी, द्यावयाचे असते.